तेलात मुरलेला कीस

लेथच्या, म्हणजे धातू फिरवून कापणाऱ्या यंत्राच्या, बेडवरचा (लांब सपाट पाठीवरचा) काळसर थर दोन बोटांत चोळून पाहिला तर खरखरतो. तेलात लोखंडाचा कीस आणि ग्राइंडरच्या चाकाचे कण मुरलेले असतात. व्हॉल्व्ह बसवताना मेकॅनिक जी ग्राइंडिंग पेस्ट लावतात, तिचाच हा धाकटा भाऊ. चाकाचे कण बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे, म्हणजे कडक केलेल्या पोलादाहूनही कठीण. कॅरेज, म्हणजे कापणारं हत्यार धरणारा सरकता भाग, पुढेमागे सरकते तसा बेड घासला जातो, आणि वरून तेल ओतलं की पेस्ट फक्त पातळ होते.

म्हणून आधी कोरडी सफाई, तेल सगळ्यात शेवटी. दीड-दोन इंची रंगाच्या ब्रशने कीस ओढून घ्या. लांब, गुंडाळलेले छिलके आकड्याने काढावेत, तेही मशीन पूर्ण थांबल्यावर. हाताने ओढले तर ब्लेडसारखे कापतात. बारीक लोखंडी कीस उचलायला चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फिरवा. पिशवी उलटी करून चुंबक बाहेर काढला की कीस आतच राहतो. मग रॉकेलने ओलसर केलेल्या फडक्याने बेड पुसा, कॅरेजच्या टोकाचे फेल्टचे वायपर (बेड पुसत जाणाऱ्या पट्ट्या) काढून धुवा, आणि शेवटी व्हीजी ६८ या दाटपणाच्या श्रेणीच्या स्लाइडवे ऑइलचा, म्हणजे सरकत्या भागांसाठीच्या तेलाचा, पातळ हात द्या.

एअर गनचा मोह मात्र आवरावा. हवेच्या झोताने फरशी स्वच्छ दिसते, पण तोच झोत कीस वायपरखाली आणि बेअरिंगच्या सीलमध्ये कोंबतो. शिवाय कण डोळ्यांत जातात.

काम घट्ट धरणारा व्हाइस किंवा चक बसवण्याआधी बैठकीवर अंगठा फिरवण्याची सवय लावून घ्या. १०० मिमी रुंद बैठकीच्या एका कडेखाली ०.०५ मिमीचा कण अडकला, तर घडवायच्या २०० मिमी लांबीच्या तुकड्यात ०.१ मिमीचा तिरकेपणा येतो. दोष मशीनला दिला जातो.

लाकडाच्या भुशाची तऱ्हा वेगळी. तो हवेतला ओलावा धरून ठेवतो, त्यामुळे बिडाच्या टेबलावर रात्रभर राहिला की त्याखाली गंजाचे ठिपके उठतात. टेबलाला मेण घासून ठेवलं तर भुसा सहज झटकता येतो. मोटरच्या जाळीत भुसा साचला की आतलं वाइंडिंग (तारेचं वेटोळं) तापतं. तिथे व्हॅक्यूमचं नळकांडं लावावं. डोळ्यांना न दिसणारी, १० मायक्रॉनहून बारीक धूळ तासन्‌तास तरंगते आणि फुफ्फुसात खोल जाते. लाकडाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने कर्ककारकांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे, त्यामुळे सँडिंगनंतर झाडू नको, अतिबारीक धूळ अडवणाऱ्या हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम हवा.

पसाऱ्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही: टेबलावर फक्त चालू कामाची हत्यारं ठेवा, बाकीची झाकणाच्या खणात जाऊ द्या, कारण उघड्या फळीवरची प्रत्येक वस्तू धूळ धरते.

आगीचे दोन कोपरे मात्र विसरू नयेत. ॲल्युमिनियम आणि लोखंड एकाच ग्राइंडरवर घासू नये. ॲल्युमिनियमची भुकटी आणि लोखंडाचा गंज मिसळले की थर्माइट, म्हणजे प्रचंड उष्णतेने जळणारं मिश्रण, तयार होतं, आणि ते पेटवायला ठिणगी जवळच असते. दुसरा कोपरा कचऱ्याच्या डब्याचा. जवसाचं तेल पुसलेलं फडकं हवेतला ऑक्सिजन घेत वाळतं आणि वाळताना तापतं. चुरगळून टाकलं तर ती उष्णता आत कोंडते आणि काडी न लावताही ते पेट घेतं. असं फडकं उघड्यावर, एकेरी पसरून वाळत घालावं, किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या लोखंडी डब्यात बुडवावं.