खेळाडूभरती आणि संघबांधणी (अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉल)

अमेरिकेतील विद्यापीठांच्या संघांसाठी शाळकरी खेळाडू हेरून, त्यांचे मन वळवून त्यांना आपल्याकडे प्रवेश घ्यायला लावण्याची पद्धत. तसेच हरत राहिलेला संघ तिच्या आधारे नव्याने उभा करण्याचा खटाटोप. पहिलीला तिकडे ‘रिक्रूटिंग’ आणि दुसऱ्याला ‘रीबिल्ड’ म्हणतात. बास्केटबॉलमध्ये एकदोन खेळाडूंनीही चित्र पालटते, त्यामुळे तिथला हिशेब निराळा. ही नोंद अमेरिकन फुटबॉलपुरती आहे.

व्यावसायिक फुटबॉलमध्ये तळाच्या संघाला पुढच्या ड्राफ्टमध्ये (संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीत) पहिल्या निवडीचा हक्क मिळतो. विद्यापीठांत अशी भरपाई नाही. कुठे खेळायचे ते खेळाडूच ठरवतो; आयपीएलच्या लिलावाशी ताडून पाहायचे तर इथे हातोडा खेळाडूच्याच हाती असतो. साहजिकच जिंकणाऱ्याकडे चांगली मुले जातात आणि हरणारा हरत राहतो. अशा संघाच्या चाहत्याला शनिवारच्या सामन्यापेक्षा सतरा वर्षांच्या एखाद्या मुलाच्या निर्णयाची ओढ अधिक लागते, ती यामुळेच.

उगमाबद्दल मतभेद आहेत. हार्वर्ड आणि येल यांच्यात १८५२ मध्ये न्यू हॅम्पशायरमधील विनिपसॉकी सरोवरावर नौकास्पर्धा झाली. तिचा खर्च एका रेल्वे कंपनीने उचलला होता, म्हणून काही अभ्यासक सगळ्याची सुरुवात तिथून धरतात. पण त्यात व्यापार दिसतो, भरती दिसत नाही. शतकाच्या अखेरच्या दशकातील फिरत्या खेळाडूंकडे बोट दाखवणारे मत अधिक सयुक्तिक वाटते. फील्डिंग योस्टचे उदाहरण नेहमी दिले जाते. १८९६ च्या हंगामात तो वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाचा खेळाडू होता. मध्येच लफाएट महाविद्यालयात दाखल झाला, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची ३६ विजयांची मालिका ६–४ अशी खंडित करणाऱ्या सामन्यात खेळला आणि पुन्हा वेस्ट व्हर्जिनियात परतला. हे ठरवून घडले की योगायोगाने, यावर लिहिणाऱ्यांचे एकमत नाही. (हाच योस्ट पुढे मिशिगनचा नामांकित प्रशिक्षक झाला.) येलचा १९०४ चा कर्णधार जेम्स होगन याला वसतिगृहात प्रशस्त खोल्या, क्यूबाची सहल आणि विद्यापीठात एका कंपनीच्या सिगारेटी विकण्याचे कमिशन मिळत असे. १९२९ च्या कार्नेगी प्रतिष्ठानाच्या अहवालाने हे प्रकार देशभर चालतात असे दाखवून दिले. म्हणजे भरती ही दूरचित्रवाणीच्या पैशाने आणलेली विकृती आहे, हा लोकप्रिय समज टिकत नाही.

नियमन पुढे तुकड्यातुकड्यांनी आले. महाविद्यालयीन खेळांची नियामक संस्था असलेल्या नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशनने (एनसीएए) १९४८ मध्ये आणलेली कडक संहिता तीनच वर्षांत गुंडाळावी लागली. १९५६ च्या सुमारास खेळासाठीच्या शिष्यवृत्त्या अधिकृत झाल्या. १९६४ मध्ये खेळाडूला एका विद्यापीठाशी बांधणारे ‘लेटर ऑफ इंटेंट’ सुरू झाले. चाहत्याच्या दृष्टीने मोठी घटना मात्र प्रत्येक संघाच्या शिष्यवृत्त्यांवरील मर्यादेची: १९७३ मध्ये १०५, पुढे ९५ आणि १९९२ ते २०२४ या काळात ८५. बलाढ्य विद्यापीठांना चांगली मुले नुसती बाकावर बसवून ठेवणे अवघड झाले. खेळाडूंना चोरून पैसे देण्याची सर्वांत जबर शिक्षा सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाला झाली. त्यांचा १९८७ चा हंगामच रद्द झाला, १९८८ चा त्यांनी स्वतः सोडला आणि पुढचा बोल सामना (हंगामाअखेरीस चांगल्या संघांना मिळणारा मानाचा सामना) त्यांच्या वाट्याला आला तो थेट २००९ मध्ये.

जुन्या वळणाच्या पुनर्बांधणीचा नमुना म्हणजे कॅन्सस स्टेट. बिल स्नायडर १९८९ मध्ये प्रशिक्षक म्हणून आले तेव्हा या संघाने सलग २७ सामन्यांत एकही विजय पाहिलेला नव्हता. आणखी तीन हरल्यावर ३० सप्टेंबरला नॉर्थ टेक्सासविरुद्ध अगदी शेवटच्या चालीवर टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात नेऊन मिळवलेले गुण) झाला आणि संघ २०–१७ असा जिंकला. त्या हंगामातला तो एकमेव विजय. नामांकित शाळकरी मुले विद्यापीठाच्या गावी, म्हणजे कॅन्सस राज्यातल्या मॅनहॅटनला येत नसत. म्हणून स्नायडर यांनी दोन वर्षांच्या ज्युनियर कॉलेजांतून तयार खेळाडू उचलले. १९९८ च्या ११–० (विजय–पराभव) अशा नियमित हंगामातला क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाचा सूत्रधार, मायकेल बिशप तिथूनच आलेला. एका विजयापासून इथपर्यंत नऊ वर्षे लागली.

एवढा धीर आता कोणी धरत नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल (विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी) सुरू झाले, २०२१ मध्ये एकदा विद्यापीठ बदलून लगेच खेळायची मुभा मिळाली आणि त्याच वर्षी १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाई करता येऊ लागली. नवे प्रशिक्षक डिऑन सँडर्स यांनी कोलोरॅडोचा जवळजवळ सगळा संघ बदलला. १–११ वरून तो ४–८ आणि २०२४ मध्ये ९–४ वर आला. इंडियानाची झेप त्याहून मोठी. तिथले नवे प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी आपल्या आधीच्या जेम्स मॅडिसन विद्यापीठातले खेळाडू सोबत घेऊन आले आणि ३–९ चा संघ वर्षभरात ११–२ झाला. जून २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देतात. पहिल्या वर्षाची (२०२५–२६) मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती.

चाहत्याचे दैवत मात्र अजूनही ताऱ्यांची यादी. शाळकरी खेळाडूंना दर्जानुसार दोन ते पाच तारे देणाऱ्या सेवांचे पूर्वज म्हणजे १९७० च्या दशकातील वर्गणीची पत्रके. आज २४७स्पोर्ट्स, रिव्हल्स यांचे गुणानुक्रम पाहिले जातात. नियमानुसार चाहत्याने किंवा देणगीदाराने खेळाडूला गळ घालणे वर्ज्य आहे. फेब्रुवारीतल्या पहिल्या बुधवारी, म्हणजे करारावर सह्या करण्याच्या दिवशी, मुलगा टेबलावरच्या वेगवेगळ्या विद्यापीठांच्या तीनचार टोप्यांतून एक उचलून डोक्यावर चढवी, हा सोहळा घरोघर पाहिला जाई. डिसेंबर २०१७ पासून सह्यांची आधीची फेरी सुरू झाली आणि बहुतेक चांगले खेळाडू तेव्हाच ठरून जाऊ लागले.