थाळीतला मासा आणि 'एपीएस'चा मासा

मालवण असो, अलिबाग असो की कलंगुट, समुद्राजवळच्या मासळीच्या हॉटेलात मेनू कार्डावर सुरमई दोनदा सापडते. एकदा 'सुरमई थाळी' म्हणून, पुढे छापलेला आकडा. दुसऱ्यांदा 'सुरमई तवा फ्राय' म्हणून, आणि आकड्याच्या जागी 'एपीएस' ही तीन अक्षरं. ॲज पर साइज, म्हणजे मासा जेवढा तेवढे पैसे. मासा तोच, मसाला तोच, बहुतेक वेळा तवाही तोच. म्हणून पुष्कळ जण धरून चालतात की एपीएस म्हणजे थाळीतलीच तुकडी, भात-चपाती वगळून, त्यामुळे थोडी स्वस्त. काउंटरवर बिलावरून होणाऱ्या वादांपैकी बरेच या समजातून निघतात.

थाळी मागवली की आपण एक जेवण विकत घेतो. एपीएस मागवलं की एक विशिष्ट मासा विकत घेतो आणि तो शिजवण्याची मजुरी त्याच दरात देतो. दोन्हींत विचारायचे प्रश्न वेगळे, बिघडणाऱ्या गोष्टीही वेगळ्या.

आधी थाळी. तिचा दर मालक हंगामाला एकदा, फार तर दोनदा बदलतो. बंदरावरच्या लिलावातला भाव मात्र रोज बदलतो. वारा सुटला, होड्या कमी गेल्या, की दोन दिवसांत सुरमईचा भाव कुठल्या कुठे जातो. छापलेला दर हलवता येत नाही, म्हणून हलते ती तुकडी. आवक भरपूर असताना बोटाच्या जाडीची मधली तुकडी ताटात पडते. टंचाईत तीच पातळ होते किंवा शेपटीकडे सरकते. यात फसवणूक शोधू नये, ठरलेल्या दराचं गणितच असं चालतं. तीन किलोची सुरमई घेतली तर डोकं, शेपटी आणि पोटातली घाण काढून सव्वादोन-अडीच किलो माल उरतो. शंभर-सव्वाशे ग्रॅमच्या हिशेबाने वीसेक तुकड्या. त्यातल्या पोटाकडच्या तेलकट आणि मऊ, शेपटीकडच्या लहान आणि तळल्यावर लवकर कोरड्या होणाऱ्या. डोकं कालवणात जातं, आणि चांगल्या हॉटेलात रश्श्याची चव त्यावरच उभी असते. वीस जणांना वीस वेगवेगळ्या तुकड्या जाणार, दर मात्र एकच. ऑर्डर देतानाच 'मधली तुकडी द्या' म्हटलं तर निम्म्या वेळा मिळते. ताट समोर आल्यावर म्हटलं तर नाही, कारण तोवर ती तळलेली असते.

थाळीतल्या तळलेल्या माशाखेरीज जे येतं त्यावर हॉटेलाची खरी ओळख पटते. मालवणी ताटात कालवण, एखादं सुकं किंवा तिखलं, सोलकढी, भात आणि चपाती, भाकरी किंवा वडे. गोव्याच्या ताटात हुमण (माशाची आमटी), तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) किंवा सुंगटांचं (कोळंबीचं) सुकं, किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर), आणि भात बऱ्याचदा उकड्या तांदळाचा. भात आणि कालवण बहुतेक ठिकाणी परत वाढतात. तळलेला मासा परत मिळत नाही, सोलकढी कधी मिळते कधी नाही. 'अनलिमिटेड' लिहिलेलं असेल तर त्यात काय काय येतं ते आधी विचारावं. एक थाळी दोघांत खायची तर बरीच हॉटेलं जादा ताटाचे पैसे लावतात. तो नियम भिंतीवर किंवा कार्डाच्या तळाशी बारीक अक्षरात असतो.

पापलेट थाळीचं प्रकरण जरा वेगळं आहे. मोठं पापलेट थाळीच्या दरात बसतच नाही, म्हणून ताटात येतं ते शंभर-दीडशे ग्रॅमचं पिल्लू किंवा मध्यम माशाचा अर्धा भाग. २०२३ मध्ये महाराष्ट्राने रुपेरी पापलेटला राज्यमासा म्हणून जाहीर केलं, त्यामागे घटतं उत्पादन आणि लहान माशांची बेसुमार पकड ही काळजी होती. तळहाताहून लहान पापलेट ताटात आलं तर ते अंडी घालण्याआधीच जाळ्यात सापडलेलं असण्याची शक्यता मोठी. आमच्या मते थाळीत सुरमई, बांगडा, मांदेली किंवा बोंबील घ्यावेत आणि पापलेट खायचंच तर एपीएसमध्ये, नीट वाढलेलं.

आता एपीएस. इथे दर हलतो आणि मासा डोळ्यांसमोर असतो, निदान असायला हवा. गोव्याच्या शॅकमध्ये संध्याकाळी बर्फावर मासे मांडून ठेवतात. कोकणातल्या हॉटेलात वेटर ट्रे घेऊन टेबलाशी येतो. ट्रे आणत नसतील आणि 'साहेब, एकदम फ्रेश आहे' एवढ्यावरच भागवत असतील तर एपीएस मागवू नये. आकार न बघता आकाराचे पैसे देण्यात अर्थ नाही.

ट्रे आल्यावर बहुतेक जण फक्त 'केवढ्याला?' विचारतात आणि वेटर एक आकडा सांगतो. तो आकडा कशाचा आहे हे ठरवून घेणं हीच एपीएसमधली सगळ्यात महत्त्वाची पायरी. दर नगाचा असू शकतो, किलोचा किंवा शंभर ग्रॅमचा. 'एकशेऐंशी' ऐकून मासा एकशेऐंशी रुपयांचा वाटतो. तो दर शंभर ग्रॅमचा निघाला आणि मासा साडेसहाशे ग्रॅमचा असला तर नुसत्या माशाचे ११७० रुपये होतात. म्हणून मासा समोर वजनकाट्यावर ठेवायला सांगावा. काट्यावर वैधमापन विभागाचा पडताळणीचा शिक्का असायला हवा. मग दुसरा प्रश्न, वजन साफ करण्याआधीचं की नंतरचं? जवळपास सगळीकडे आधीचंच धरतात आणि त्यात गैर काही नाही, बाजारातही तसंच असतं. फक्त साफसफाईत किती जातं ते ठाऊक असावं. पापलेटमध्ये कमी जातं, म्हणून महाग असूनही हिशेबात बसतं. डोक्यासकट कोळंबी सोलल्यावर वजनाने अर्ध्यावर येते. कुर्ली (खेकडा) आणि शेवंड (लॉबस्टर) यांचं खाण्याजोगं मांस एकूण वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. किलोच्या कुर्ल्या चौघांना पुरतील असा अंदाज बांधला की टेबलावर कवचांचा ढीग आणि पोटात भूक.

तिसरा प्रश्न करण्याच्या पद्धतीचा. रवा फ्राय, तवा मसाला, तंदूर आणि बटर गार्लिक यांचे दर काही ठिकाणी एकच असतात, काही ठिकाणी वेगळे. शेवटी वजन आणि एकूण रक्कम केओटीवर, म्हणजे किचनकडे जाणाऱ्या चिठ्ठीवर, लिहून घ्यायला सांगावी. बिलावर वेगळा आकडा आला तर दाखवायला तेवढा कागद पुरतो. तोंडी दर आणि छापील बिल यांत फरक पडला की वेटर खोटा की गिऱ्हाईक, यावर काउंटरवर कुणीच निवाडा देऊ शकत नाही.

निवडलेलाच मासा ताटात आला का, ही शंका रास्त आहे. उपाय सोपा: मासा अख्खा, डोक्यासकट करायला सांगावा. आकार आणि तोंडवळा लक्षात राहतो. सुरमईसारख्या मोठ्या माशाची तुकडी एपीएसमध्ये घेतली तर ही ओळख उरत नाही, आणि जाडी सोडली तर थाळीतल्या तुकडीपेक्षा फारसं वेगळं काही हाती लागत नाही. म्हणून एपीएसचे पैसे सुरमईवर घालवू नयेत. पापलेट, तांबोशी, चोणक (रायगडकडे जिताडा म्हणतात तोच), कुर्ल्या, शेवंड यांच्यावर खर्च केला तर वसूल होतो.

ताजेपणा ओळखायची खूण लोक डोळ्यांवरून सांगतात, पण बर्फावर ठेवलेल्या माशाचे डोळे ताजा असतानाही धुरकट होतात. कल्ले उघडून बघणं जास्त भरवशाचं. ते लाल असावेत, तपकिरी किंवा चिकट नकोत. बोटाने दाबलं की मांस वर यावं. वास समुद्राचा असावा, उग्र नसावा. कुर्ली जिवंतच असावी आणि हातात जड लागावी. कात टाकलेली कुर्ली दिसायला मोठी पण आतून पोकळ असते. अमावास्येच्या सुमाराला कुर्ल्या भरलेल्या असतात असं कोकणात म्हणतात. तिथीवर विसंबण्यापेक्षा एकाच आकाराच्या दोन कुर्ल्या दोन हातांत तोलून जड असेल ती घ्यावी.

बांगडा आणि सुरमईच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. हे मासे पकडल्यावर उन्हात किंवा पुरेशा बर्फाशिवाय राहिले तर त्यांच्यात हिस्टामिन हे बाधणारं रसायन तयार होतं. ते तळून किंवा उकळून जात नाही. घास घेतल्यावर जिभेला मिरीसारखी चुणचुण लागली, तीही मसाल्याशी मेळ न खाणारी, तर तिथेच थांबावं आणि ताट परत करावं. तोंड लाल होणं, डोकं दुखणं, अंगावर पित्त उठणं ही पुढची लक्षणं. थाळी असो वा एपीएस, अशा वेळी बदलून देणं किंवा पैसे न लावणं ही हॉटेलची जबाबदारी आहे. मागताना संकोच नको.

वेळेचं गणितही दोन्हींत निराळं. थाळीचं कालवण, सुकं, सोलकढी सकाळीच तयार असतं. फक्त तुकडी तळायची, ती दोन्ही बाजूंनी तीन-चार मिनिटं. दहा-पंधरा मिनिटांत ताट यावं. एपीएसचा अख्खा मासा साफ करणं, चिरा देणं, मसाला लावून ठेवणं आणि मग भाजणं, यात अर्धा तास सहज जातो. तंदूरला त्याहून जास्त. दुपारी दीडला भरलेल्या हॉटेलात घाई केली की काय होतं? अर्ध्या किलोचं पापलेट मोठ्या आचेवर चढतं, रवा करपतो आणि काट्याजवळचं मांस कच्चं राहतं. असा मासा परत पाठवावा, पण त्यासाठी तो अर्धा संपवून चालत नाही. आधी मधल्या काट्यापाशी उघडून बघावा. लेकरं भुकेली असतील तर त्यांच्यासाठी एक-दोन थाळ्या आधी सांगून ठेवाव्यात आणि मोठ्यांचा मासा मागाहून येऊ द्यावा.

हंगामाचा फरक तर सगळ्यांत ठळक. पश्चिम किनाऱ्यावर साधारण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. या दोन महिन्यांतही सुरमई थाळीची पाटी तशीच असते. आत येते ती बहुतेक शीतगृहातली. तळल्यावर ती भुसभुशीत लागते आणि रस्सा पाणचट वाटतो. पावसाळ्यात थाळी घ्यायचीच तर खाडीचे मासे, तिसऱ्या किंवा सुक्या मासळीचं काही आहे का ते विचारावं. एपीएसचा ट्रे या दिवसांत रिकामा किंवा गोठवलेल्या मालाचा असेल. 'नाही' म्हणून सांगणारं हॉटेल प्रामाणिक समजावं.

राहता राहिलं बिल. साध्या रेस्टॉरंटला जीएसटी ५ टक्के, निम्मा केंद्राचा आणि निम्मा राज्याचा. खोलीचं भाडं दिवसाला ७५०० रुपयांच्या वर असलेल्या हॉटेलांच्या आवारात तो १८ टक्के होतो. किनाऱ्यावरच्या मोठ्या रिसॉर्टमध्ये जेवताना हा फरक लक्षात घ्यावा. उलट कंपोझिशन योजनेतल्या, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने स्वतःच कर भरणाऱ्या, छोट्या खाणावळीला बिलावर जीएसटी लावताच येत नाही. तिथे 'जीएसटी ५ टक्के' अशी ओळ दिसली तर विचारायला हवं. नोंदणी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. महाराष्ट्रात २७ ने सुरू होतो, गोव्यात ३० ने.

सर्व्हिस चार्ज हा कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत तो आपोआप बिलात घालू नये असं सांगितलं आणि २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना कायम ठेवल्या. थाळीच्या हॉटेलात तो सहसा दिसत नाही. एपीएसच्या मोठ्या बिलात मात्र नजरेतून सुटतो. वरच्याच ११७० रुपयांच्या माशावर ५ टक्के जीएसटी धरला तर १२२८.५० रुपये. दहा टक्के सर्व्हिस चार्ज घातला तर ११७ रुपये वाढतात, त्यावरही जीएसटी लागतो आणि रक्कम १३५१.३५ होते. काढून टाकायला सांगावं. नकार मिळाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते, त्यासाठी बिलाचा फोटो जपून ठेवावा. चांगली सेवा मिळाली असेल तर टिप थेट वाढणाऱ्याच्या हातात द्यावी.