मोरोक्कोतील क्वाडबाईक व उंट सफारी

मोरोक्कोत आलेल्या पर्यटकांना गाइडच्या सोबतीने वाळवंटात, माळरानात किंवा समुद्रकिनारी घडवली जाणारी सफर. ती कधी चार चाकांच्या क्वाडबाईकवरून होते, कधी उंटावरून, आणि पुष्कळदा एकाच पैशात दोन्ही मिळते : तास-दोन तास क्वाड, तासभर उंट आणि मध्ये पुदिन्याचा चहा. माराकेशच्या आसपास हा कार्यक्रम अर्ध्या दिवसात आटोपतो. देशाच्या आग्नेय टोकाला मेर्झुगा येथे त्याला वाळूतल्या तंबूतल्या रात्रीच्या मुक्कामाची जोड असते. अटलांटिक किनाऱ्यावरच्या अगादीर आणि एस्सावीरा या शहरांतही तो चालतो. काशीद किंवा नागावच्या किनाऱ्यावर उंट आणि एटीव्ही (म्हणजे क्वाडबाईकच) शेजारी शेजारी उभे असलेले मराठी वाचकाने पाहिलेले असतात. वरवर पाहता हा त्यातलाच प्रकार. पण मोरोक्कोत उंटामागे हजार-दीड हजार वर्षांचा व्यापार उभा आहे, आणि तिथली जमीनही ठिकाणागणिक इतकी बदलते की ‘वाळवंटातली सफर’ या एकाच नावाखाली चार निरनिराळ्या गोष्टी विकल्या जातात. जाण्यापूर्वी त्यांतला फरक समजून घेणे सर्वांत महत्त्वाचे.

माराकेशला लागून असलेले ‘पामराई’ हे खजुरीचे विस्तीर्ण बन. इथली सफर सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गर्दीची. हॉटेलवरून गाडी न्यायला येते, डोक्याला हेल्मेट आणि तोंडाला धुळीसाठी फडके बांधून दिले जाते आणि खजुरीच्या झाडांमधल्या मातीच्या वाटांवरून क्वाडची रांग निघते. वाळूची टेकडी इथे औषधालाही सापडत नाही. शहराच्या नैर्ऋत्येला 30-40 किमी गेले की अगाफाय लागते. त्याला ‘अगाफायचे वाळवंट’ म्हणतात, पण ते दगडधोंड्यांचे उघडेबोडके, लाटालाटांचे माळरान आहे. त्याचे सौंदर्य वेगळे : हिवाळ्यात समोर ॲटलास पर्वताची बर्फाची भिंत दिसते आणि तिच्यात 4167 मीटर उंचीचे तुबकाल हे उत्तर आफ्रिकेतले सर्वोच्च शिखर. मात्र याला सहारा म्हणणे ही दिशाभूल आहे. खरा सहारा ॲटलासच्या पलीकडे. माराकेशहून मेर्झुगाला जायचे तर 2260 मीटर उंचीचा तिझी न तिश्का घाट ओलांडून साडेपाचशे किलोमीटरांहून अधिक रस्ता काटावा लागतो. गाडीला नऊ-दहा तास लागतात. ‘माराकेशहून एका दिवसात सहारा’ अशी जाहिरात दिसली तर ती अगाफायची आहे, असे खुशाल समजावे.

मेर्झुगा हे गाव एर्ग शेब्बी नावाच्या वालुकासमुद्राच्या काठावर वसले आहे. ‘एर्ग’ म्हणजे वाळूच्या टेकड्यांचा सलग प्रदेश, ‘रेग’ म्हणजे खडी-गोट्यांचे सपाट मैदान आणि ‘हमादा’ म्हणजे खडकाळ पठार. हे तीन शब्द तिथे रोजच्या बोलण्यातले आहेत, आणि सफर समजायला ते पुरेसे आहेत. एर्ग शेब्बी उत्तर-दक्षिण सुमारे 25 किमी पसरला असून त्यातल्या काही टेकड्या 150 मीटरपर्यंत उंच आहेत. काळ्या खडीच्या मैदानातून गाडी येत असते आणि एकाएकी क्षितिजावर नारिंगी डोंगर उभा राहतो. एका धनाढ्य घराने सणाच्या दिवसांत दारी आलेल्या भुकेल्या बाईला आणि तिच्या लेकराला आसरा नाकारला, म्हणून देवाने ते घर वाळूखाली गाडले, अशी इथली दंतकथा आहे. उन्हाळ्यात सांधेदुखीवर उपाय म्हणून गळ्यापर्यंत तापलेल्या वाळूत पुरून घेणारे लोकही याच टेकड्यांपाशी येतात.

दुसरा मोठा एर्ग म्हणजे शेगागा. द्रा नदीच्या खोऱ्यातले म्हामीद हे डांबरी रस्त्यावरचे शेवटचे गाव. तिथून पुढे सुमारे 60 किमी कच्च्या वाटेने जावे लागते, म्हणून तिथे गर्दी कमी. वाटेतल्या झगोरा शहरात ‘तिंबक्तू 52 दिवस’ असा रंगवलेला फलक आहे; तिंबक्तू म्हणजे सहाराच्या पलीकडचे, आजच्या माली देशातले शहर. पर्यटक त्यापुढे फोटो काढतात, पण 52 दिवस हा उंटांच्या तांड्याचा हिशेब होता.

तो हिशेब ज्या व्यापाराचा, त्याचे एक केंद्र मेर्झुगापासून जवळच, आजच्या रिसानी गावालगत होते : सिजिलमासा. इ. स. 757 मध्ये वसलेल्या या शहरातून मीठ दक्षिणेकडे जाई आणि पश्चिम आफ्रिकेतले सोने उत्तरेकडे येई. टँजिअरचा प्रवासी इब्न बतूता 1352 मध्ये सहारा ओलांडायला इथूनच निघाला. त्याने सिजिलमासात उंट विकत घेतले, चार महिन्यांची वैरण बरोबर घेतली आणि 25 दिवसांनी तो तगाझा या मिठाच्या खाणीच्या गावी पोचला. तिथली घरे मिठाच्या चिऱ्यांची होती आणि छपरे उंटाच्या कातड्याची. दौलताबाद आणि नंदुरबार पाहून गोव्याच्या किनाऱ्याला लागलेला प्रवासी तो हाच.

मोरोक्कोतला उंट एका मदाराचा. अरबस्तानात माणसाळलेला हा प्राणी इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत उत्तर आफ्रिकेत सर्वत्र पसरला आणि त्यानंतरच सहारा ओलांडणे हा नियमित उद्योग झाला. मदारात पाणी नसते, चरबी असते. पाणी वाचवण्याची किमया सगळ्या शरीराची आहे : दिवसभरात अंगाचे तापमान 34 पासून 41 अंशांपर्यंत चढू देऊन तो घाम टाळतो, शरीराच्या वजनाच्या पाव हिश्श्याइतके पाणी घटले तरी तग धरतो आणि मिळाले की एका बैठकीत 100 लिटर पितो. पेशव्यांचे सांडणीस्वार टपाल घेऊन दौडत ती सांडणी वेगाची, आणि सहारातही स्वारीच्या चपळ उंटाला ‘मेहारी’ असे वेगळे नाव आहे. पर्यटकाला मिळतो तो मात्र संथ चालीचा, ओझ्याच्या जातीचा उंट, आणि ते योग्यच आहे.

स्वारीचा पहिला अर्धा मिनिट सर्वांत कठीण. बसलेला उंट उठताना आधी मागचे पाय ताठ करतो, त्यामुळे स्वार एकदम पुढे झुकतो. मग पुढचे पाय उचलतो आणि स्वार मागे फेकला जातो. मदाराभोवती घोंगड्यांची जाड गुंडाळी करून तयार केलेल्या खोगिराला पुढे लोखंडी आडवी मूठ असते. ती दोन्ही हातांनी घट्ट धरायची आणि उंट उठत असताना अंग मागे रेलायचे, एवढे केले की झाले. खाली बसताना पुढचे गुडघे आधी टेकतात, तेव्हाही पुन्हा मागेच रेलायचे. चालताना उंट एका बाजूचे दोन्ही पाय जवळजवळ एकाच वेळी उचलतो. होडीत बसल्यासारखे हेलकावे बसतात ते त्यामुळे. कंबर सैल सोडली तर शरीर दहा मिनिटांत सरावते, ताठ धरली तर दुसऱ्या दिवशी मांड्या बोलू लागतात.

चार-पाच उंट एकामागे एक दोराने जोडलेले असतात आणि पुढचा दोर धरून उंटवाला पायी चालतो, पुष्कळदा अनवाणी. पर्यटक वर आणि तो खाली. टेकडीचा कोणता काठ भुसभुशीत आहे, कुठे वाळू वाऱ्याने घट्ट दाबली गेली आहे, हे तो पावलाने ओळखतो. उंटाचा तळवा मऊ, रुंद गादीसारखा असतो आणि वजन पडताच पसरतो, म्हणून तो वाळूत रुतत नाही. तरीही उतारावर उंट बिचकतात आणि अशा जागी उंटवाला तांड्याचा वेग अर्ध्यावर आणतो. सूर्यास्ताच्या सुमारास टेकडीखाली उंट बसवून पर्यटकांना माथ्यावर पायी चढायला लावण्याची रीत आहे. 100 मीटरची ती चढण एक पाऊल पुढे आणि अर्धे मागे अशी होते.

क्वाडबाईकचा जन्म मोरोक्कोतला नाही आणि वाळवंटासाठीचाही नाही. होंडाने 1970 मध्ये फुगीर टायरांची तीनचाकी गाडी बाजारात आणली. सुझुकीचे चारचाकी क्वाडरनर 1980च्या दशकाच्या सुरुवातीला आले. तीनचाकी वळणावर सहज उलटे. अपघात इतके वाढले की 1988 मध्ये अमेरिकेत उत्पादकांनी सरकारशी तडजोड करून तिची विक्री थांबवली आणि चार चाकांचे राज्य सुरू झाले. दक्षिण मोरोक्कोच्या वाळूवर गाड्या आणण्याची हौस वाढवली ती डाकार रॅलीने. 1978 च्या डिसेंबरात पॅरिसहून सुरू झालेली ही शर्यत पुढे अनेक वर्षे मोरोक्कोतून गेली.

सफारीचे क्वाड सहसा गिअर नसलेले असते. वेग उजव्या अंगठ्याने एक छोटा खटका दाबून वाढवायचा असतो. टायरात हवा जेमतेम 4 ते 6 पीएसआय, म्हणजे मोटारीच्या तुलनेत नगण्य. त्यामुळे टायर वाळूवर पसरतो. मोटरसायकलची सवय असलेल्यांची फसगत होते ती वळणावर. मोटरसायकल स्वारासकट कलते, क्वाड कलत नाही. बहुतेक क्वाडांची मागची दोन्ही चाके एकाच आसाला घट्ट जोडलेली असल्यामुळे क्वाड सरळ जाऊ पाहते. म्हणून वळणाआधी वेग कमी करायचा आणि आपले वजन आतल्या बाजूला न्यायचे. तोल जातोय असे वाटून पाय खाली टेकवणे ही सर्वांत धोक्याची चूक : मागचे चाक त्याच पायावरून जाते.

वाळूच्या टेकडीचा धोका तिच्या आकारातच आहे. वाऱ्याकडची बाजू सौम्य उताराची आणि घट्ट, तर आडोशाची बाजू 32-34 अंशांची, सैल, घसरती. सौम्य बाजूने वेगात चढणाऱ्याला माथ्यापलीकडे काय आहे ते दिसत नाही, आणि माथा तर धारेसारखा असतो. त्यावरून गाडी थेट पलीकडे झेपावली की उलटतेच. पलीकडून दुसरे क्वाड वर येत असेल तर आणखी वाईट. म्हणूनच गाडीला उंच काठीवर झेंडा लावतात. चांगला गाइड माथा कधीही सरळ ओलांडू देत नाही. तो आडवा जातो, थांबतो, पाहतो आणि मग हाताने खूण करतो. निघण्यापूर्वी मोकळ्या जागेत पाच मिनिटे सराव करून घेणारा, हेल्मेटचा पट्टा स्वतः तपासणारा आणि रांगेत पुढे जाण्याची शर्यत न खपवणारा गाइड मिळाला, तर दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. प्रवासविम्याच्या अनेक पॉलिसींत क्वाड चालवताना झालेली इजा वगळलेली असते, हेही निघण्यापूर्वी वाचून घ्यावे.

मेर्झुगातले बहुतेक गाइड अमाझिघ आहेत. बाहेरचे लोक त्यांना ‘बर्बर’ म्हणतात, पण त्यांचे स्वतःचे नाव अमाझिघ. 2011 च्या राज्यघटनेने त्यांच्या भाषेला अरबीबरोबर राजभाषेचा दर्जा दिला. मेर्झुगा भागातली आयत खब्बाश ही आयत अत्ता जमातीची शाखा. शेळ्यामेंढ्या आणि उंट घेऊन हे लोक आजच्या अल्जीरियाच्या हद्दीपलीकडेही चराईला जात. पुढे दुष्काळांनी कळप संपवले आणि 1994 पासून ती सीमा बंदच आहे. फिरस्ती सुटली, माणसे गावात स्थिरावली, आणि पर्यटकांना घेऊन चालणे हा त्यांच्या उंटांना उरलेला रोजगार झाला. तांड्यापुढे चालणाऱ्या तरुणाच्या आजोबांनी याच वाळूत वैरणीचे ओझे वाहून नेलेले असते. त्याला फ्रेंच, स्पॅनिश, इंग्रजी बोलता येते आणि ती बहुधा शाळेत नव्हे, पाहुण्यांकडून शिकलेली असते. निळा झगा आणि डोक्याला गुंडाळलेला चार-पाच मीटरचा ‘शेश’ हा वेश आता पर्यटकांसाठीही असला, तरी शेशाचा उपयोग खरा आहे : वारा सुटला की त्याचा एक पदर नाकातोंडावरून ओढला की पुरे.

या व्यवसायाबद्दलच्या तक्रारी खऱ्या आहेत. क्वाडचा आवाज एर्गच्या शांततेत दूरवर जातो. वाळूवरचे चाकांचे ठसे रात्रीचा वारा पुसतो, पण रेगच्या खडीवर उमटलेली चाकोरी वर्षानुवर्षे राहते आणि तिथल्या विरळ झुडपांची मुळे चिरडली जातात. उंटांच्या बाबतीत प्रश्न खोगिराखालच्या जखमांचा, भर दुपारी उभे ठेवण्याचा आणि तांड्यातल्या जनावराला विश्रांती न देण्याचा आहे. माराकेशच्या पामराईत, जिथे एकामागून एक गट येतात, तिथे तो अधिक जाणवतो. काम करणाऱ्या जनावरांवर उपचार करणारी, 1923 मध्ये ब्रिटनमध्ये स्थापन झालेली ‘स्पाना’ ही संस्था मोरोक्कोतही दवाखाने चालवते. पर्यटकाच्या हाती एवढे आहे : बसण्यापूर्वी खोगिराच्या कडेला आणि नाकाजवळ जखम आहे का पाहावे, आणि असेल तर दुसरा उंट मागावा किंवा सरळ पायी चालावे. उंट मोठ्याने ओरडतो म्हणजे त्याला त्रासच होतोय असे नाही. उठताबसता कुरकुरणे हा त्याचा स्वभाव. हिवाळा हा नर उंटांचा माजाचा काळ. तेव्हा ते तोंडातून गुलाबी फुगा काढून गुरगुरतात, आणि अशा वेळी उंटवाल्याने सांगितले त्याहून एक पाऊलही पुढे जाऊ नये.

हंगाम ऑक्टोबर ते एप्रिल. जुलै-ऑगस्टमध्ये मेर्झुगात पारा 45 अंशांकडे जातो आणि सफर पहाटे किंवा संध्याकाळीच निघते. डिसेंबर-जानेवारीत रात्री तो शून्याजवळ येतो आणि तंबूत दोन-तीन घोंगड्या लागतात. पावसाकडे बहुतेक जण लक्ष देत नाहीत, पण मे 2006 मध्ये मेर्झुगात अचानक आलेल्या पुरात माणसे दगावली आणि वाळूच्या कडेची घरे-हॉटेले वाहून गेली. सप्टेंबर 2024 मध्ये आग्नेय मोरोक्कोत मुसळधार पाऊस झाला आणि शेगागाजवळचे, सुमारे 50 वर्षे कोरडे पडलेले इरिकी सरोवर पाण्याने भरले. ज्या सपाट तळावरून गाड्या धुरळा उडवत जात, तिथे काही काळ आकाशाचे प्रतिबिंब दिसत होते, आणि वाटाड्यांना शेगागाकडे जाणारी वाट नव्याने शोधावी लागली.