घडाई, असामान्य धातूंची

लोखंड, पोलाद आणि तांबे-पितळ यांखेरीज टिटॅनियम, टंगस्टन, मॉलिब्डेनम, बेरिलियम, मॅग्नेशियम, उल्कालोह इत्यादींना तापवून घणाने वा दाबयंत्राने आकार देणे. असा धातू घडेल का, हे पाहताना वितळबिंदूकडे प्रथम लक्ष जाते. प्रत्यक्षात काम बहुधा अडते ते तापलेला पृष्ठभाग हवेशी कसा वागतो यावर. कारागिराच्या प्रकृतीला किती धोका आहे, तेही पुष्कळदा तेथेच ठरते.

उल्कालोह : लोखंडाच्या घडाईची सर्वांत जुनी उदाहरणे उल्कालोहाची आहेत. ईजिप्तमधील गेर्झे येथील मणी (इ. स. पू. सु. ३२००) ठोकून पातळ केलेला पत्रा गुंडाळून बनविलेले आहेत. ईजिप्तचा राजा तूतांखामेन याच्या खंजिराच्या पात्यात सु. ११ टक्के निकेल (उल्कालोहाची खूण) असल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात आढळले. हा खंजीर ईजिप्तमध्ये घडला की मितानीहून (ईजिप्तच्या ईशान्येकडील तत्कालीन राज्य) भेट म्हणून आला, याबद्दल मतभेद आहेत. अमार्ना पत्रांतील (ईजिप्तच्या राजांचा परराज्यांशी झालेला पत्रव्यवहार) लोखंडी खंजिराचा उल्लेख दुसऱ्या मताला अनुकूल असला, तरी तो याच खंजिराचा आहे असे मानण्यास आधार नाही. पात्यावर उल्केची मूळ स्फटिकरचना अंशतः टिकून असल्याने घडाई ९५०° से.च्या खाली झाली असावी, हे अनुमान अधिक भक्कम वाटते.

जहांगीरच्या आत्मचरित्रात १६२१ मध्ये जालंदरजवळ पडलेल्या उल्केची हकीकत आहे. घणाखाली तिचे तुकडे होऊ लागले, तेव्हा उस्ताद दाऊदने तीन भाग उल्कालोहात एक भाग साधे लोखंड मिसळून तलवारी, खंजीर व सुरी घडविली. या ठिसूळपणाचा दोष निकेलला देण्यापेक्षा गंधकाला देणे सयुक्तिक वाटते. लोह आणि लोह सल्फाइड यांचे मिश्रण सु. ९८८° से.ला वितळते, ते कणसीमांवर (धातूतील स्फटिककणांमधील सांध्यांवर) पसरले, तर लाल तापलेला तुकडा घावाबरोबर भुगा होतो. कमी तापमानाला संयमाने ठोकलेले पाते टिकते, याची संगती यावरून लागते.

इतर धातू : टिटॅनियमची स्फटिकरचना सु. ८८२° से.ला बदलते व तो घडण्यास सोपा होतो, पण त्याच उष्णतेत तो ऑक्सिजन शोषतो. वरचा ठिसूळ थर घासून काढला नाही, तर पुढे तेथूनच तडे जातात. टंगस्टन (वितळबिंदू ३,४२२° से.) सामान्य तापमानाला ठिसूळ असतो, विल्यम कूलिज यांनी १९१० च्या सुमारास तो तापवून टप्प्याटप्प्याने ठोकत तार काढण्याजोगा केला. मॉलिब्डेनमचे ऑक्साइड ७९५° से.ला वितळून उडू लागते व तापलेला तुकडा पांढरा धूर सोडतो. टँटलम थंड ठोकता येतो.

आरोग्य : सर्वाधिक धास्ती बेरिलियमची बाळगावी. त्याच्या सूक्ष्म धुळीने संवेदनशील व्यक्तींना फुप्फुसाचा चिवट विकार जडतो आणि तो संपर्कानंतर अनेक वर्षांनीही प्रकटतो. कर्करोगाचाही धोका असतो. अमेरिकेत २०१७ च्या नियमाने हवेतील मर्यादा आठ तासांच्या सरासरीने घनमीटरला २ वरून ०.२ मायक्रोग्रॅमवर आणली. बेरिलियम-तांबे ही मिश्रधातू घासताना व तिची खपली (तापल्याने वर चढलेला ऑक्साइडाचा थर) काढतानाही हीच काळजी लागते.

जस्ताच्या धुराने काही तासांनी हुडहुडी भरून ताप येतो व तो बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो. कॅडमियमचे तसे नाही. पिवळसर लेप असलेला जुना बोल्ट भट्टीत टाकला आणि तो लेप कॅडमियमचा निघाला, तर लोखंड लालबुंद होईतो कॅडमियम (उकळबिंदू ७६७° से.) वाफ होऊन हवेत गेलेले असते. पहिले काही तास साध्या सर्दी-तापासारखे वाटते, मग फुप्फुसांत पाणी भरू लागते. यात माणसे दगावली आहेत. लेपाचा संशय आला, तर तो तुकडा भट्टीत घालूच नये.

मॅग्नेशियमचा वा टिटॅनियमचा कीस पेटल्यास पाणी मारू नये, त्यातून हायड्रोजन सुटून भडका वाढतो. धातूंच्या आगीसाठी असलेले कोरडे चूर्ण हाताशी ठेवावे.