पार्श्वभूमी : एडीएचडीचे उपचार आणि १४ महिन्यांची ती चाचणी

एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं, अतिचंचलता आणि आवेग न आवरणं हा विकार, असलेल्या मुलाला गोळी सुरू करावी की वर्तनोपचारावर (पालक-शिक्षकांच्या मदतीने वागणं बदलण्यावर) भर द्यावा? या वादात दोन्ही बाजूंचे लोक बहुतेक वेळा एकाच चाचणीचा दाखला देतात, फक्त तिची वेगवेगळी पानं उघडून. अमेरिकेत १९९० च्या दशकात सरकारी पैशातून झालेल्या या चाचणीचे पहिले निष्कर्ष डिसेंबर १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांचा अर्थ काय लावायचा यावर अजून एकमत नाही.

त्याआधीचा काळ थोडक्यात. लक्ष न टिकण्याचं वर्णन एका स्कॉटिश वैद्याच्या १७९८ च्या ग्रंथात आहे. १९०२ मध्ये लंडनमधल्या एका बालरोगतज्ज्ञाने बुद्धी चांगली असूनही स्वतःवर ताबा नसलेल्या मुलांवर व्याख्यानं दिली आणि हा नैतिक नियंत्रणातला दोष ठरवला. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मेंदूच्या सुजेची मोठी साथ आली. तिच्यातून वाचलेली अनेक मुलं चंचल आणि बेबंद झाली. मेंदूला इजा झाली की मूल असं होऊ शकतं, हे तेव्हा दिसलं. त्यावरून उलटा निष्कर्ष काढला गेला: मूल असं आहे, म्हणजे मेंदूला इजा झालेलीच असणार. तर्कशास्त्राच्या पहिल्याच धड्यात नापास होईल असा हा युक्तिवाद १९६० च्या दशकापर्यंत 'सूक्ष्म मेंदू-इजा' या निदानाच्या रूपाने टिकला. शोधूनही इजा सापडेना, तेव्हा 'इजा' खोडून 'बिघाड' लिहिण्यात आलं.

औषधाची गोष्ट यापेक्षा वेगळ्या वाटेने आली. १९३७ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात, वर्तनाच्या तक्रारी असलेल्या मुलांच्या एका निवासी रुग्णालयात, मेंदूचा एक्स-रे काढण्याच्या वेदनादायक पद्धतीनंतर मुलांची डोकी दुखत. त्यावर उपाय म्हणून तिथल्या डॉक्टराने ॲम्फेटामाइन या उत्तेजक गटातलं बेन्झेड्रिन हे औषध देऊन पाहिलं. डोकेदुखीवर फारसा उपयोग झाला नाही. अभ्यासात मात्र शिक्षकांना ठळक फरक दिसला. मग ३० मुलांना आठवडाभर औषध दिलं गेलं आणि त्यांतल्या १४ जणांच्या शाळेच्या कामात लक्षणीय सुधारणा नोंदवली गेली. इतका महत्त्वाचा निष्कर्ष पुढची जवळपास २० वर्षं कपाटात पडून राहिला. त्या काळी मुलांच्या मानसिक तक्रारींचं मूळ घरातल्या नात्यांत शोधण्याची पद्धत होती, आणि गोळीने फरक पडतो हे त्या चौकटीत बसत नव्हतं.

एडीएचडीवरचं आजचं एक प्रमुख औषध, मिथिलफेनिडेट, १९४४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तयार झालं आणि १९५४ पासून रिटालिन या नावाने विकलं जाऊ लागलं. सुरुवातीला ते प्रौढांचा थकवा आणि उदासी यांसाठी होतं. मुलांसाठी त्याचा वापर १९६० च्या दशकात वाढला, आणि विरोधही लगेच आला. १९७० मध्ये ओमाहा शहरातल्या ५ ते १० टक्के शाळकरी मुलांना वर्तनासाठी औषधं दिली जातात, अशी बातमी वॉशिंग्टनच्या एका दैनिकात छापून आली. आकडा पुढे अतिरंजित ठरला, पण तोवर कायदेमंडळाच्या समितीपुढे सुनावणी होऊन गेली होती. आजच्या वादातली बरीच वाक्यं त्या सुनावणीतच सापडतात.

निदानाचे निकषही याच काळात हलत राहिले. मानसिक विकारांच्या १९६८ च्या अमेरिकी निदान-पुस्तिकेत भर चंचलतेवर होता. १९७० च्या दशकात कॅनडातल्या संशोधनाने दाखवलं की या मुलांची मोठी अडचण धावपळीपेक्षा लक्ष टिकवण्यात आणि आवेग आवरण्यात आहे. म्हणून १९८० च्या आवृत्तीत लक्षाला पहिलं स्थान मिळालं, आणि चंचलता असलेले व नसलेले असे दोन प्रकार मान्य झाले. १९८७ मध्ये पुस्तिका पुन्हा बदलली. १४ लक्षणांची एकच यादी आली, त्यांतली ८ असली की निदान. चंचलता नसलेला प्रकार एका किरकोळ शीर्षकाखाली ढकलला गेला. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत महागात पडलेला बदल होता. वर्गात शांत बसून खिडकीबाहेर पाहणारी मुलं, आणि त्यांत मुलींचं प्रमाण मोठं, त्या यादीतून सहज निसटत होती. १९९४ मध्ये तीन उपप्रकार करून चूक दुरुस्त झाली. मधल्या सात वर्षांत ज्यांची तपासणी झाली, त्यांना या दुरुस्तीचा फायदा मिळाला नाही.

१९९१ मध्ये अमेरिकेच्या शिक्षण खात्याने स्पष्ट केलं की या निदानाच्या मुलांना विशेष शैक्षणिक साहाय्य मागता येईल. निदानामागे आता शाळेतली सवलत उभी राहिली. त्या दशकात निदानं आणि मिथिलफेनिडेटचं उत्पादन दोन्ही झपाट्याने वाढलं. औषध काही आठवडे, काही महिने काम करतं याचे पुरावे भरपूर होते. वर्षभरानंतर काय होतं, याचे जवळपास नव्हते. ती मोठी चाचणी या गरजेतून उभी राहिली.

तिची रचना नीट पाहिल्याशिवाय वाद कळत नाही. सात ते नऊ वर्षं वयाची ५७९ मुलं निवडून त्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे चार गट पाडले गेले. पहिल्या गटाला काळजीपूर्वक चालवलेला औषधोपचार मिळाला: आधी २८ दिवस रोजची मात्रा बदलत, कोणती मात्रा कधी दिली हे पालक-शिक्षकांना न सांगता, योग्य मात्रा शोधली, मग दिवसातून तीन वेळा, आठवड्याचे सातही दिवस औषध, आणि दर महिन्याला डॉक्टरांसोबत अर्ध्या तासाची भेट. दुसऱ्या गटाला सखोल वर्तनोपचार: पालकांच्या प्रशिक्षणाची ३५ सत्रं, आठ आठवड्यांचं उन्हाळी शिबिर, शिक्षकांना मार्गदर्शन, आणि सुमारे १२ आठवडे वर्गात मुलासोबत एक प्रशिक्षित मदतनीस. तिसऱ्या गटाला दोन्ही. चौथ्या गटातल्या कुटुंबांना आपापल्या भागात मिळतील ते नेहमीचे उपचार घ्यायला सांगितलं. या चौथ्या गटातल्या सुमारे दोन तृतीयांश मुलांना औषधच मिळत होतं, पण कमी मात्रेत, बहुधा दिवसातून दोनदा, आणि देखरेखीशिवाय. म्हणजे चौथा गट 'उपचार न मिळालेला' नव्हता. वर्तमानपत्रांत मात्र तो अनेकदा तसाच मांडला गेला.

१४ महिन्यांनी मोजमाप झालं. लक्ष, चंचलता आणि आवेग या मूळ लक्षणांत औषधाचा गट आणि दोन्ही उपचारांचा गट पुढे होते, आणि त्या दोघांत फरक नव्हता. नुसता वर्तनोपचार आणि नेहमीचे उपचार मागे. यावरून निघालेलं शीर्षक सोपं होतं: औषध जिंकलं, वर्तनोपचाराने त्यात भर पडत नाही. खर्चिक वर्तनोपचारातून अंग काढून घेण्यासाठी हे वाक्य पुढे बऱ्याच वेळा वापरलं गेलं.

आक्षेप चार होते, आणि ते चाचणीतल्याच काही संशोधकांनी घेतले, ही बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे. पहिला, मोजमापाच्या वेळेचा. वर्तनोपचार ठरवूनच टप्प्याटप्प्याने कमी केला होता. १४ व्या महिन्यात तो महिन्यातून एखाद्या भेटीवर आला होता किंवा थांबला होता. औषध त्या दिवशीही सकाळ-दुपार-संध्याकाळ चालू होतं. एक उपचार संपल्यावर आणि दुसरा चालू असताना केलेली तुलना बरोबरीची म्हणता येईल का? दुसरा आक्षेप कोणी मोजलं याचा. लक्षणांचे गुण पालक आणि शिक्षक देत होते, आणि आपलं मूल कोणत्या गटात आहे हे त्यांना ठाऊक होतं. गट माहीत नसलेल्या निरीक्षकांनी वर्गात बसून केलेल्या नोंदींत गटांमध्ये फरक आढळला नाही. तिसरा, काय मोजलं याचा. आक्रमकता, मित्रांशी वागणं, आई-वडिलांशी नातं, वाचन अशा बाबींत नेहमीच्या उपचारांपेक्षा सातत्याने सरस ठरला तो दोन्ही उपचारांचा गट, नुसता औषधाचा नव्हे. शिवाय त्या मुलांना मात्राही कमी लागली, सरासरी दिवसाला सुमारे ३१ मिलिग्रॅम विरुद्ध ३८. आणि चौथा, सरासरीचा. ज्या मुलांत चिंतेचा विकारही होता, त्यांच्यात वर्तनोपचार औषधाइतकाच प्रभावी दिसला.

२००१ मध्ये याच आकड्यांची दुसऱ्या पद्धतीने मांडणी झाली. लक्षणं जवळपास सामान्य पातळीवर आलेल्या मुलांचं प्रमाण काढलं तर दोन्ही उपचारांत ६८ टक्के, औषधात ५६, वर्तनोपचारात ३४ आणि नेहमीच्या उपचारांत २५ टक्के. या मांडणीत वर्तनोपचाराने भर पडलेली दिसते. आकडे तेच, प्रश्न वेगळा. पण पहिलं शीर्षक दोन वर्षं आधी जगभर पोचलं होतं.

खरा धक्का २००७ मध्ये बसला. १४ महिन्यांनंतर चिठ्ठ्यांचं बंधन संपलं होतं आणि कुटुंबं आपापल्या मर्जीने उपचार घेत होती. दोन वर्षांनी पाहिलं तेव्हा औषधाची आघाडी निम्म्यावर आली होती. तीन वर्षांनी ती उरलीच नाही. चारही गटांतली मुलं सुरुवातीपेक्षा बरी होती, पण कोणता गट कोणता, हे लक्षणांवरून ओळखता येत नव्हतं. ज्यांनी औषध सलग घेतलं, त्यांची उंची तीन वर्षांत औषध न घेतलेल्यांपेक्षा सुमारे २ सेंटिमीटरने कमी भरली. वाढीचा प्रश्न किरकोळ आहे असं सांगणाऱ्यांना यानंतर शब्द जपून वापरावे लागले.

औषधाच्या बाजूने उत्तर असं: तिसऱ्या वर्षी गटांची सरमिसळ झाली होती. नियमित औषध घेणाऱ्यांचं प्रमाण औषधाच्या गटांत ९१ टक्क्यांवरून ७१ वर उतरलं आणि वर्तनोपचाराच्या गटात १४ वरून ४५ वर चढलं. मग फरक उरेल कसा? हे बरोबर आहे, पण पुरेसं नाही. ज्यांचा त्रास जास्त तेच औषध चालू ठेवतात, म्हणून फरक झाकला जातो का, हेही संशोधकांनी तपासलं, आणि त्या स्पष्टीकरणाला आधार मिळाला नाही. विरोधकांचं 'म्हणजे औषध निरुपयोगी' हे विधानही टिकत नाही. चाचणीने जे दाखवलं ते एवढंच की काटेकोर देखरेखीखालचा औषधोपचार चालू असताना काम करतो, आणि देखरेख सैल झाली की त्या वर्षाची पुंजी पुढे पुरत नाही. दर महिन्याच्या त्या अर्ध्या तासाच्या भेटीबद्दल दोन्ही बाजू फारसं बोलत नाहीत. मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. नेहमीच्या उपचारांतही औषध होतंच. नव्हती ती ही भेट. २००९ मध्ये आठ वर्षांनंतरचे निष्कर्ष आले, तेव्हाही गटांत फरक नव्हता आणि ही मुलं, आता किशोरवयीन, वर्गमित्रांच्या मागेच होती.

हा वाद चालू असतानाच संशोधन इतर दिशांनी पसरलं. २००७ मध्येच मेंदूच्या चित्रणातून दिसलं की मेंदूच्या बाह्यकाची, म्हणजे बाहेरच्या थराची, जाडी इतर मुलांत साधारण साडेसात वर्षांच्या वयात कमाल होते, तर एडीएचडी असलेल्या मुलांत साडेदहाव्या. वाढीचा क्रम साधारण तोच, वेळ उशिराची. जुळ्यांच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ७४ टक्के येतो. विकाराशी जोडलेल्या प्रत्यक्ष जनुकीय जागा मात्र २०१९ मध्ये १२ आणि २०२३ मध्ये २७ सापडल्या, आणि प्रत्येकीचा परिणाम इतका लहान की निदानासाठी त्या कामाच्या नाहीत.

निदान अजूनही मोठ्यांच्या नजरेवरच चालतं, आणि ती नजर कशी फसते हे कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातून २०१२ मध्ये पुढे आलं. तिथे शाळाप्रवेशाची रेषा ३१ डिसेंबर. सुमारे ९ लाख ३८ हजार मुलांच्या नोंदींत, डिसेंबरात जन्मलेल्या मुलग्यांना जानेवारीत जन्मलेल्यांपेक्षा एडीएचडीचं निदान ३० टक्के अधिक मिळालं होतं, मुलींना ७० टक्के अधिक. वर्गातलं सर्वांत लहान मूल सर्वांत चंचल दिसणारच. २०१३ च्या निदान-पुस्तिकेने लक्षणं सुरू होण्याची वयोमर्यादा ७ वरून १२ केली, प्रौढांसाठी ६ ऐवजी ५ लक्षणं पुरेशी मानली आणि स्वमग्नतेसोबत हे निदान करायला परवानगी दिली. निकष सैल होण्यावर टीका झाली, पण वर्गातल्या सापेक्ष वयाचा मुद्दा पुस्तिकेत निकष म्हणून आलाच नाही.

दीर्घकाळाच्या प्रश्नाला थेट भिडणारा प्रयत्न नेदरलँड्समध्ये झाला, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला. दोन वर्षांहून अधिक काळ मिथिलफेनिडेट घेत असलेल्या ९४ मुलांपैकी काहींचं औषध चालू ठेवलं, बाकीच्यांचं हळूहळू काढून त्याजागी तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी दिली. सात आठवड्यांनी औषध चालू असलेल्यांत १५.९ टक्के मुलांची स्थिती बिघडली, बंद केलेल्यांत ४०.४ टक्के. गोळी अजून काम करत होती, आणि थांबवलेल्या दहांतल्या सहा मुलांना त्या आठवड्यांपुरती तरी तिची गरज दिसली नाही. ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचना वर्षातून एकदा तरी औषधाचा फेरविचार करायला आणि योग्य वाटल्यास ते थांबवून पाहायला सांगतात. ते पाहणारी भेट कोण आणि कधी घेणार, हे मात्र त्या त्या दवाखान्यावर सोडलेलं असतं.