कोविडचा रुग्ण घरात असेल तर : आमच्या मेडिकलच्या ग्राहकांसाठी

कोविड मुख्यतः हवेतून पसरतो. खोकताना, बोलताना उडणारे मोठे थेंब जवळच खाली बसतात, पण बारीक कण बंद खोलीत तासन् तास तरंगू शकतात. लक्षणं दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीच माणूस दुसऱ्याला लागण देऊ शकतो. त्यामुळे सॅनिटायझरची बाटली नंतर घ्या, आधी खिडक्या उघडा.

सोलापूरच्या उन्हाळ्यात घरोघरी कूलर लागतो, आणि नेमकी तिथंच गफलत होते. खिडकीत बसवलेला कूलर बाहेरची हवा आत ढकलतो. ती हवा जाणार कुठं? रुग्णाच्या खोलीचं घरात उघडणारं दार उघडं असेल, तर विषाणूसकट स्वयंपाकघरात. म्हणून ते दार लावा आणि बाहेरच्या बाजूची दुसरी खिडकी उघडी ठेवा. दुसरी खिडकीच नसेल, तर त्या खोलीत कूलर नको. एक्झॉस्ट पंखा लावून हवा बाहेर काढा. घरगुती स्प्लिट एसी बहुधा आतलीच हवा फिरवतो.

एन-९५ मास्क लावल्यावर नाकावरची पट्टी दोन्ही हातांनी दाबा आणि जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे हवा लागली किंवा चष्म्यावर वाफ धरली, तर मास्क गळतोय. दाढीवर तो नीट बसत नाही. धुऊ तर अजिबात नका: कण धरून ठेवणारा कापडातला विद्युतभार धुण्यानं जातो. व्हॉल्व्हचा मास्क रुग्णाला देऊ नका, त्याचा उच्छ्वास न गाळता बाहेर पडतो.

ऑक्सिमीटर (बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचं यंत्र) लावण्याआधी पाच मिनिटं शांत बसा. बोट गार नको, नखाला नेलपॉलिश किंवा मेंदी नको. आकडा स्थिरावला की मगच वाचा. ९४ च्या खाली आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, ९० च्या खाली गेला तर तडक रुग्णालयात न्या. धाप लागत असेल तर आकड्याची वाट पाहू नका.

फरशी पुसायला ५ टक्क्यांचं हायपोक्लोराइट (जंतू मारणारं ब्लीच) एक भाग, पाणी चार भाग. रोज ताजं करा. त्यात टॉयलेटचं ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो.

अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. ऑक्सिजन चांगला असताना घेतलेलं स्टेरॉइड उलट घातक ठरू शकतं. ही दोन्ही औषधं शेजाऱ्याच्या किंवा जुन्या चिठ्ठीवर आम्ही देणार नाही.