रातवा व फ्रँकलिनचा रातवा : खान्देशातील ओळख

खान्देशात माळावर, शेतशिवारात आणि सातपुड्याच्या पायथ्याशी अंधार पडल्यावर किडे टिपणाऱ्या दोन पक्ष्यांची नेहमी गल्लत होते. एक साधा रातवा (कॅप्रिमल्गस एशियाटिकस), दुसरा फ्रँकलिनचा रातवा (कॅप्रिमल्गस अफिनिस). पहिल्याचे शास्त्रीय वर्णन लेथम यांनी १७९० मध्ये केले, दुसऱ्याचे हॉर्सफील्ड यांनी १८२१ मध्ये. दोघांचीही लांबी साधारण २४ सेंमी. अंगावर करड्या, तपकिरी, काळ्या नक्षीची अशी सरमिसळ की मुरमाड जमिनीवर पाखरू चार पावलांवर बसलेले असले तरी दिसत नाही. चोच इवलीशी, पण जबडा चांगला रुंद उघडतो. पतंग, भुंगेरे, नाकतोडे तो उडता उडताच टिपतो.

ओळख पटवायची तर आधी कान लावावा. डोळ्यांचे काम नंतरचे. साधा रातवा बहुधा बसल्या जागेवरून, बांधावरून किंवा गाडरस्त्यावरून बोलतो : ‘चक्-चक्-चक्-चक्-र्र्र’. फरशीवर टाकलेली गोटी आधी सावकाश आणि मग भराभर उड्या घेत थांबते, तसा या हाकेचा वेग वाढत जातो. ती एकदा ऐकली की विसरत नाही. फ्रँकलिनच्या रातव्याची हाक म्हणजे एकच ठसठशीत ‘च्वीप’. तिन्हीसांजेला तो उठला की उडत असतानाच थोड्या थोड्या वेळाने ती देत राहतो. पावसाआधी, विणीच्या दिवसांत, दोघेही जास्त बोलतात. यावल अभयारण्यासारख्या दाट झाडीच्या भागात रानरातव्याचाही विचार करावा लागतो. तो आकाराने मोठा आणि एका लयीत बराच वेळ बोलणारा.

पाखरू गप्प असेल तर ते उडताना शेपूट पाहावी. साध्या रातव्यात नर आणि मादी दोघांच्याही शेपटीच्या कडेच्या पिसांना फक्त टोकाशी पांढरे ठिपके असतात. फ्रँकलिनच्या नराची कडेची पिसे जवळजवळ पूर्ण पांढरी, आणि उठताक्षणी ती लख्ख दिसतात. त्याच्या मादीच्या शेपटीत पांढरे काहीच नसते, म्हणून खरी अडचण तिचीच.

दिवसा बसलेले पाखरू सापडले तर डोके आणि मान बघावी. साध्या रातव्याच्या माथ्यावर ठळक काळ्या रेघा, मानेमागे रुंद पिवळसर-तांबूस पट्टा आणि खांद्याच्या पिसांना फिकट कडा असतात. फ्रँकलिनचा अंगाने सपाट दिसतो : माथ्यावर बारीक नक्षी, मानेचा पट्टा तितका उठून न दिसणारा.

अधिवासावरून निवाडा करू नये. फ्रँकलिनच्या रातव्याला खडकाळ उतार आणि कोरडे नाले आवडतात, साध्याला झुडपे आणि लागवडीचा शिवार. पण तापीकाठी शेत आणि बरड जमीन इतकी लागून आहे की दोघांच्या हाका एकाच बांधावरून ऐकू येतात. घरटे दोघेही बांधत नाहीत, अंडी उघड्या जमिनीवर घालतात.

रात्री बॅटरीच्या उजेडात लालसर चमकणारे डोळे फक्त रातवा असल्याचे सांगतात, कोणता ते नाही. हाक ऐकू आली नाही आणि शेपूटही नीट दिसली नाही, तर नोंदीत नुसते ‘रातवा’ लिहिणे हे रंगावरून जात ठरवण्यापेक्षा कितीतरी उपयोगाचे.